चोपन्न

वय? पर्यवेक्षकांनी विचारलं.
चोपन्न, गांगुर्डेबाई म्हणाल्या.
आणि लेखनिकाचं?
चौदा, मी म्हणाले.
त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं,
बेरीज करायची असावी तसं.

जिन्याखालची खोली, आमच्या दोघींपुरती.
खिडकीतून पंचवटीची अख्खी दुपार आत येत होती:
निमाणी, निमाणी ओरडणारा कंडक्टर,
गंगेकडून एक चुकार घंटा,
कुठेतरी पातेली घासणं चाललेलं.
बाईंनी मान जरा कलती केली,
ते सगळं बाजूला सारल्यासारखी,
आणि म्हणाल्या, लिही.

बोलायच्या तशाच, जशा वीस वर्षं
नाशिकरोडच्या बँकेत फोन जोडून द्यायच्या.
वाक्य. श्वास. पुढचं वाक्य.
माझं पेन धापा टाकत मागून.
'औद्योगिकीकरण'पाशी मी अडखळले,
तर न विचारताच उत्तर आलं:
गला पहिली, कला दुसरी.
वेलांट्या त्यांनी तिसरीपर्यंतच पाहिलेल्या.
मग ताप आला, डोळ्यांवरून गेला.
तेवढ्या घासूनपुसून ठेवल्या होत्या.

प्रश्न चौथा. रेल्वे.
देशातली पहिली प्रवासी गाडी
अठराशे चोपन्न साली...

माझा हात थांबला.
त्रेपन्न. आमच्या सरांनी गेल्याच महिन्यात
फळ्यावर दोनदा रेघ मारली होती त्याखाली.
पर्यवेक्षक रुमालानं मान पुसत होते.
एक आकडा फक्त. चारच्या जागी तीन.
कुणालाच दिसलं नसतं.
कुणालाच दिसलं नसतं,
तिथंच तर अडलं.

लिहिलंस? वाच.
वाचलं. चोपन्न.
माझा आवाज कसा झाला होता कोण जाणे,
त्या क्षणभर गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, पुढे.

बसमध्ये सांगून टाकलं मी.
द्वारका येईपर्यंत हसत होत्या.
अगं, सकाळपासून वयच सांगतेय ना,
गेटवर, हॉलतिकिटावर, त्या साहेबांना,
तेच बसलं तोंडात!
मग एकदम थांबून:
बदललं नाहीस ना?
नाही.
बरं केलंस. गेले तर माझे गेले.
आले असते, तर कुणाचे म्हणायचे?
मी खिडकीबाहेर बघत बसले.
त्यांनी पिशवीतून द्राक्षं काढून दिली, गरम झालेली.

पदवीच्या दिवशी गोवर्धनला वारा होता,
धरणावरून येणारा, कागद हातात ठरू देईना.
बाईंनी तो सगळा चाचपला, कडेपासून कडेपर्यंत.
गुळगुळीत आहे गं, काहीच लागत नाही.
वर कुठलं, खाली कुठलं?
मी सुलटा करून दिला.
मग कोपऱ्यात बोटाला उठावाचा शिक्का लागला,
तिथं बोट बराच वेळ राहिलं.

वाच, म्हणाल्या.
रत्नप्रभा हरीभाऊ गांगुर्डे.
रला कुठली वेलांटी?
दुसरी.
पहिली पाहिजे, त्या म्हणाल्या.
आणि कागदाची सुरळी करता करता,
अगदी खुशीत:
राहू दे. ही चूक त्यांची.