तारण

मिरजेत, स्टेशनाजवळ,
आजोबांच्या खाणावळीची वही. शेवटच्या पानावर:
‘नाटकवाले. माणसं एकवीस, पोर एक.
सहा दिवस. भाकरी, आमटी.
येणे बाकी.
तारण : मुकुट एक, गदा दोन, पैकी एक फुटकी.’

परसात बैल सोडायचे,
तिथंच दोन गाड्या जोडून रंगमंच.
सज्ज्यातले उतारू फुकट बघतात
म्हणून खोलीला दोन आणे जास्त.

कंपनी काही परतली नाही.
गदा बंबात गेल्या.
मुकुटात आम्ही लॉजच्या किल्ल्या ठेवतो.
परसात दुचाक्या.

काल एक म्हातारा आला.
खोली नको म्हणाला.
मुकुटाची कड अंगठ्यानं घासत
हळूच विचारलं,
त्या हिशोबात
पोराची भाकरी धरली होती का?