अधिक माहिती असल्यास

टायरच्या दुकानाला लागून आमचं टायपिंग सेंटर.
एक खिडकी, दोन प्रिंटर, त्यातला एक कायम रुसलेला.
पानाला तीनशे बैसा.
पैशाचा इथे बैसा झालाय
आणि माझा कातिब.
मांडवकर कुणाच्या जिभेवर टिकत नाही.

जुवैना बिन्त खल्फान डोंगरातल्या वाडीतून आली,
भावाच्या पिकअपमधून, मांडीवर पिशवी.
पिशवीत कागद, कागदांत लिंबं,
मिठात उकळून उन्हात काळी केलेली.
हलवली की आत बी वाजते.
"गावातल्या धंद्याला सरकार पैसे देतंय म्हणे.
आम्ही सात जणी.
सुकवायचं यंत्र हवंय.
गच्चीवर धूळ बसते, बकऱ्या चढतात."

अर्ज उजवीकडून डावीकडे चालतो,
मीही चालतो, सवयीने.
लाभार्थी किती?
तिने बोटं मोजली:
सात जणी, त्यांची पोरं, आंधळी सासू,
फलजचं पाणी फिरवणारा मोनीर,
"आणि तू."
म्हटलं, मोनीर आणि मी या रकान्यात बसत नाही.
"का? झाडांना पाणी तोच तर देतो."
झाडांना ठाऊक आहे ते.
संगणकाला नाही.

यंत्राची किंमत टाइप करताना
बोटं अडली.
आमच्या वाडीत, देवरुखच्या वर,
समाजमंदिराच्या पडवीत एक यंत्र आहे
काजू फोडायचं.
बचत गटाला अनुदानातून मिळालेलं.
नारळ फुटला, फोटो निघाला.
फोटोत हार यंत्राच्या गळ्यात,
लाजलेली मालनवहिनी.
मग वायरमन आला, म्हणाला, थ्री फेज कुठाय?
थ्री फेज खालच्या रस्त्याला.
तिथून वर अकरा खांब,
खांबांची योजना वेगळी, खातं वेगळं, साहेब वेगळा,
आणि साहेब नेहमी मीटिंगला.
सहा वर्षं वहिनीने तालुक्याला खेपा घातल्या.
यंत्रावर आता निळं प्लास्टिक,
मतदानाच्या दिवशी त्यावर चहाची किटली ठेवतात.

"जुवैना, तुमच्याकडे थ्री फेज आहे?"
"ते काय असतं?"

शुक्रवारी वर गेलो.
खडकाला टेकलेल्या मीटरमध्ये डोकावलो.
पाल होती. थ्री फेज नव्हतं.

प्रत्येक अर्जाच्या तळाशी एक चौकोन असतो,
अधिक माहिती असल्यास.
बारा वर्षं मी तो कोरा सोडत आलो.
कोण वाचतंय?
त्या दिवशी भरला,
एकेक अक्षर चाचपत:
आधी वीज. खांब नऊ. मग यंत्र.
त्या पानाचे पैसे घेतले नाहीत.
मालकाला सांगितलं, प्रिंटरने खाल्लं.

आठ महिन्यांनी उत्तर.
मंजूर: खांब नऊ.
यंत्र: पुढील अर्थसंकल्पात विचार होईल.

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा हसू फुटलं.
तिकडे यंत्र, खांब नाहीत.
इकडे खांब, यंत्र नाही.
मधे एवढा समुद्र,
प्लग लावायचा कुठे?

रात्री वहिनीला फोन केला.
ती पण हसली, खोकला येईपर्यंत.
म्हणाली, "त्यांना म्हणावं आमचं घेऊन जा,
नुसतं पातं बदला."
मग जरा थांबून,
"तुझं नाव रेशनकार्डातून कमी झालं हो.
सांगायचं राहिलंच."

जुवैना मात्र रागावली नाही.
नवव्या खांबावर दिवा लागलाय,
त्याच्याखाली सात जणी रात्रीच्या लिंबं निवडतात,
दिवसा झोपतात.
बकऱ्यासुद्धा तिथेच बसतात आता.
मला एक डबा आणला. बांगड्याच्या कालवणात
कोकम संपलं की तेच टाकतो,
कोकमाची सर नाही,
पण काहीतरी आहे.

काल पुन्हा आली. तीच पिशवी.
"कातिब, नवा अर्ज."
प्रकल्पाचं नाव. वाडी.
लाभार्थी किती?

तिने बोटं मोजायला घेतली,
या वेळी मोनीरपासून.