चौथी लेन

एगेर. पहाटेचे साडेपाच, उणे चार.
उघड्या तलावावर वाफेची गोधडी,
तिच्याखाली ओर्शोया,
एकविसावी लांबी.

तिचा उजवा हात मला काठावरून ऐकू येतो.
अंगठा आधी शिरतो पाण्यात,
तळवा बाहेर वळलेला,
डोक्यापुढची मधली रेघ ओलांडून,
शेजारणीच्या ताटातलं काही उचलायला निघाल्यासारखा.

थांब. किती दिवस झाले?
"काही नाही, इल्दी नेनी."
काही नाही कसं?
काल स्वेटर काढताना डावी बाही आधी काढलीस,
वेणी बहिणीकडून घालून घेतलीस.
मला डोळे आहेत, बाई.

बोटं आधी जाऊ देत, खांद्याच्या सरळ रेषेत.
कोपर वर,
पिंपाच्या कडेवरून हात आत घालतो ना, तसं.
आणि कूस बदल,
झोपेत बदलतेस तशी, कमरेपासून अख्खी.
एकट्या खांद्याने का ओढायचं सगळं घर?

पॅडल्स दे इकडे.
डेब्रेत्सेनला या खेपेस नाही जायचं.

ती गॉगल काढत नाही.
गॉगलच्या आत पाणी चढत जातं,
आम्ही दोघी वाफेकडे बघतो.

मग मी फळ्यावर नवा सराव लिहिते:
सहाशे मीटर, पाठीवर, फक्त पाय,
हात पोटावर.
अक्षरं पहिलीतल्या पोराची, उताराला लागलेली.

"तुम्ही डावखुऱ्या आहात?"

नाही, म्हणते मी.
सतरा वर्षांची होईपर्यंत तरी नव्हते.