बटणे जाम

मालगाडी आली की मी हात उचलतो.
भुसावळात वडिलांनी हेच आधी शिकवलं,
चिमटा हातात देण्याच्याही आधी:
डबे मोजू नको, नुसता थांब,
टेबल थरथरायचं राहिलं की मग श्वास घे.

आज पुण्याचं गिऱ्हाईक आलंय.
सत्तरीतला ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ,
मुनाफ तडवी सरांच्या नातवाकडून घेतलेला.
कितीला, ते दोघंही सांगत नाहीत.
"काच बदलू नका. केस पॉलिश नको.
काट्यांवरचं रेडियम पिवळं पडलंय ना, किंमत त्याचीच आहे.
फक्त ते स्टॉपवॉच चालू करून द्या."
आणि ते समोरच्या रसवंतीत जाऊन बसले,
तिथं पंखा आहे.

मी हे घड्याळ ओळखतो.
मामाकडे राहून यावलच्या शाळेत होतो.
किल्ल्यामागचं मैदान, चुन्याच्या सहा रेघा,
सरांचा डावा हात खांद्याच्या वर,
मनगटावर हेच, उन्हात एक पांढरा ठिपका,
आणि ओरडणं: "काय पाहून राह्यला रे, पळ!"
त्यांच्या मेहुण्यानं कुवेतहून पाठवलेलं.
तालुक्यात सेकंदाचे तुकडे पाडणारी
एवढी एकच वस्तू.

एक्क्याऐंशीचा डिसेंबर. शंभर मीटर.
मी तेरा सेकंद.
भागवत झांबरे साडेबारा.
जळगावला तो गेला, मग आणखी पुढे,
मग खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत,
आता रिटायरही झाला, हार वगैरे घालून.
मी त्याच स्टेशनच्या भिंतीबाहेर,
अर्ध्या सेकंदाच्या अलीकडे,
डोळ्याला भिंग लावून.

मागचं झाकण फिरवलं.
अर्ध्या पापडासारखा रोटर डुलला, घड्याळ चालू लागलं.
हात हलला की चावी भरते याला,
आणि सरांचा हात काही स्वस्थ नसायचा.
पण स्टॉपवॉच मेलेलं.
दोन्ही बटणांच्या नळ्यांत गंज,
त्यावर घामाच्या मिठाची साय,
हातोडीची कमान मोडलेली.
मोडलेलं टोक काळं. म्हणजे जुनं.
झाकणाच्या आत, सुईनं, मुंगीएवढं:
८/७९.
ते नऊ वडिलांचं.
शेपटी उलटी काढणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

कपाटातून वही काढली. एकोणऐंशी, ऑगस्ट.
"मु. तडवी मास्तर, यावल. ऑइलिंग केले.
बटणे जाम. पार्ट मिळत नाही. मास्तरांस सांगितले.
मास्तर म्हणाले, राहू द्या.
रु. ११."

राहू द्या.

मग ते ओठ आठवले.
शिट्टी बाजूला सरकवून सरांचे ओठ हलायचे,
आम्हाला वाटे, आमच्यासाठी दुवा मागताहेत.
मोजत होते.
शाळेच्या फळ्यावरचे सगळे विक्रम,
सुगंधा फालकचे, हैदरचे, भागवतचे,
त्या तोंडातून आलेले.

आणि वडील. ते त्या दिवशी मुद्दाम आले होते,
दुकान बंद ठेवून.
परतताना एसटीत, तापीच्या पुलावर,
खिडकीकडे बघत म्हणाले,
"अर्धा सेकंद म्हणजे काही फार नसतो."
मी रडत होतो, मला ते समजूत घालणं वाटलं.

मालगाडी गेली. मी हात उचलला नाही.
एक स्क्रू उडाला, तो शोधण्यात पाऊण तास गेला.

भंगारातल्या मशीनची कमान बसवली.
नळ्या पेट्रोलमध्ये ठेवल्या, घासल्या, पुन्हा ठेवल्या.
खालचं बटण दाबलं:
इतक्या वर्षांचा अडकलेला काटा
टकदिशी बारावर.
वरचं दाबलं आणि डोळे मिटून
मी ओठांनी मोजायला लागलो,
सर मोजत तसंच असेल, असं समजून.
तेरा म्हणालो आणि थांबवलं.

काटा कुठं होता
ते मी वहीत लिहिलेलं नाही.

झाकणात उलट्या नवाशेजारी आजची तारीख कोरली,
झाकण बसवलं, रसवंतीकडे हाक मारली.
"काय झालं होतं हो याला?"
त्यांच्या मिशीला उसाचा फेस होता.
"बटणं जाम," म्हणालो.