पहिलं दळण

दर सोमवारी सकाळी सहाला
चक्कीचं शटर अर्धंच वर करतो.
आधी ब्रश. मग ओलं फडकं, मग कोरडं.
दगडाच्या खाचांतून कालचा गहू खरवडून काढतो,
कापडी सोंड बदलतो.
ती वेगळी आहे, निळ्या काठाची,
खिळ्याला एकटीच टांगलेली,
तिच्यावर बॉलपेननं लिहिलंय : ईश्वरी भुयार.

दोन मुठी तांदूळ टाकून मोटर सुरू,
ते पीठ कोंबड्यांना.
पुन्हा दोन मुठी. तेही कोंबड्यांना.
"कोंबड्या तुया लई चैनीत हायत," बायको म्हणते.

मग प्रमिलाबाई डबा पुढं करतात.
पाच किलो जवारी.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मी हसलो होतो.
"गहू का काटा हाय, रुतून बसाले?"
बावीस वर्षं झाली या धंद्यात,
भुवयांत गहू, कानात गहू, खोकल्यात गहू,
अन् मी तर हा असा उभा, जिता.

त्या भांडल्या नाहीत.
अमरावतीच्या दवाखान्याचा कागद काढला,
घडीवर फाटलेला.
वरचं काही वाचता आलं नाही, खालचं आलं :
वय नऊ. वजन सतरा किलो.
सतरा किलोचं दळण
बाया डोक्यावर घेऊन येतात माझ्याकडे.

त्यानंतर कळत गेलं एकेक.
जुन्या पोळपाटाच्या चिरांत गहू असतो.
पुऱ्या तळलेल्या तेलात असतो.
देवळातल्या शिऱ्यात, वाढदिवसाच्या बिस्किटात,
आणि हिंगाच्या डबीतसुद्धा निघाला, तेव्हा
प्रमिलाबाई हसल्याच :
"चोर घरातच बसेल व्हता, दादा. मी आपली गावभर धुंडत."

पण पोरगी जेवते काय, ते ऐका.
सकाळी ताकातली आंबील, वरून जिरं.
तव्यावरून उतरलेली भाकर,
तिच्या पापुद्र्यात जवसाची चटणी अन् तेलाची धार.
बुधवारी गोळाभात.
चून तर असा, की वास आला की
आमची वरणपोळी ताटात लाजते.
माझी आई म्हणायची,
पाहुणा आला तर पोळी, नाही तर आहेच भाकर.
ते "नाही तर" आता
कोणत्या तोंडानं म्हणू?

मागच्या पौषात मारुतीपुढं रोडगे होते.
सगळं गाव पंगतीला,
आणि ही कडुनिंबाखाली, मांडीवर डबा,
डब्याचं झाकण अर्धंच उघडलेलं.
मी वाढपी होतो. तिच्यापर्यंत गेलो
अन् टोपलं घेऊन तसाच परत फिरलो.

या वर्षी प्रमिलाबाई आधीच आल्या.
"दादा, जवारीचा भरडा काढून द्या. जाड."
मी म्हटलं, फुटेल तो. तिला चिकटपणा नाही.
फुटलाच.
दुसऱ्यांदा उडदाची डाळ मिसळली, उकळतं पाणी,
तरी निखाऱ्यात चुरा.
तिसऱ्यांदा मीच पळसाची पानं आणली,
दोन-दोन पानांत बांधून
वेगळ्या गोवऱ्यांची वेगळी आगटी केली
पंगतीपासून दहा पावलांवर.
एका बाजूनं करपले, तुपानं सावरले.
"हा रोडगा नाई, पानगा झाला," म्हातारे म्हणाले,
अन् त्यातल्या दोघांनी मागून खाल्ला.
ईश्वरीनं वांग्याच्या रश्शात बुडवून
तीन खाल्ले. बोलली नाही. बोलायला तोंड कुठं रिकामं होतं!

हल्ली दळणाला तीच येते.
शटरखालून वाकून आधी मलाच तपासते :
"काका, भुवया धुतल्या का?"
धुतो. साबणानं.
घरात कुणी विचारलं नव्हतं असं कधी.

यंदा सोयाबीनच्या बाजूनं
सहा तास जवारी पेरलीय.
निम्मी पाखरं नेतील, माहीत आहे.

परवा डबा न ठेवताच काट्यावर चढली.
एकोणतीस.
मी डब्याचे पाच वजा केले, डबा रिकामा धरून पुन्हा वजा केलं,
मग पाटीवरच्या हिशेबात
पैशांच्या रकान्यात चुकून चोवीस लिहिलं.

सव्वासातला गव्हाची लाइन लागते.
निळी सोंड खिळ्याला.