खोली क्रमांक सात

प्लायवूडच्या भिंतीपलीकडे दातांची ओपीडी.
तिकडची गुळणी मला ऐकू येते,
म्हणजे माझ्याकडचं रडू त्यांना.
चैत्रापासून मिरगापर्यंत कूलर चालतो,
त्याच्या घरघरीवर माझी सगळी गोपनीयता उभी.
लाईन गेली की अर्ध्या वाक्यावर थांबायचं,
वाळ्याच्या ताटीतून पडणारे थेंब ऐकत.
जनरेटर फक्त बाळंतिणींच्या वॉर्डाला.
हिवाळ्यात मी कागद पुढे करते : बोलू नको, लिही.
तो नंतर फाडायचा की फायलीला लावायचा
हे दर वेळी नव्यानं ठरवते.

ती आली तेव्हा वैशाख होता.
नाव इथे लिहिणार नाही.
गाव नाही, वर्ग नाही, सायकलचा रंग नाही,
काय सांगितलं तेही नाही.
एवढंच, की वय सोळा
आणि कायद्याला सोळा न् सहा सारखेच.

पहिल्या दिवशी म्हणाली,
"मॅडम, कोनाले सांगसान तं नाई न?"
मी म्हणाले, इथलं इथंच राहील.
माठातल्या पाण्यासारखं वाक्य,
तिनं एका दमात पिऊन टाकलं.
त्याच्यामागे जोडायचं दुसरं वाक्य,
प्रशिक्षणात तीनदा लिहून घेतलेलं,
'पण'पासून सुरू होणारं,
माझ्या तोंडातच राहिलं.
ओढणीचं टोक ती बोटाला इतकं घट्ट गुंडाळत होती
की बोट पांढरं पडलेलं.

तिसऱ्या बैठकीत तिनं सांगितलं.
कूलर चालू होता.

लसींच्या फ्रीजच्या खोलीत जाऊन
मी वर्ध्याला फोन लावला.
कळवावं लागणार, हे इंदुताईंना ठाऊक, मलाही.
न कळवलं तर गुन्हा माझ्या नावावर.
त्यावर त्या बोलल्याच नाहीत. म्हणाल्या,
"पहिल्या दिवशी तू तिला काय सांगितलंस?
शब्द जसेच्या तसे सांग."
मी सांगितले. चारच होते.
पलीकडे इतका वेळ शांतता
की मला वाटलं, कटला.
"आता जाऊन आधी तिला सांग.
पोलिसांच्या आधी, डॉक्टरांच्याही आधी.
आणि ही चूक तारीख घालून तुझ्या वहीत लिही.
मी माझ्या वहीत लिहिते,
की हा प्रश्न मी तीन बैठका उशिरा विचारला."

ती रडली नाही.
बोटाची ओढणी सोडवली, एकेक वेढा.
"मंग हे पैलेच काऊन नाई सांगतलं?
पैले सांगतलं असतं तं मी"

आणि लाईन गेली.

पुढचं सगळं रीतसर झालं.
महिला शिपाई साध्या कपड्यात आली, तिला पाणी दिलं,
कागदांवर सह्या झाल्या, माझीही.
कूलर पुन्हा सुरू झाला,
ते वाक्य झालं नाही.

रात्री घरमालकीण मंदाकाकू
अंबाडीची भाजी न् भाकर घेऊन दारात टेकल्या.
"आमची ती पोरगी तुमच्याकडं येते म्हन्तात?"
(कोणती ते खोडलं आहे. काकूंचं नावही बदललं आहे.)
मी म्हणाले, "मीठ अगदी बरोबर पडलं, काकू."
त्या बराच वेळ माझ्या ताटाकडे बघत राहिल्या.
त्या महिन्यात त्यांनी पुन्हा भाजी आणली नाही.

आता मी दुसरं वाक्य पहिलं म्हणते.
नाव विचारायच्या आधी, पंखा लावायच्या आधी :
काही गोष्टी मला बाहेर सांगाव्याच लागतील,
त्या कोणत्या, ते आधी ऐकून घे.

गेल्या बुधवारी एक मुलगा आला,
गुडघ्याला ताजा खरचटा, हातात कॅरीबॅग.
वाक्य नीट ऐकलं, मान डोलावली,
"येतो मी जरा," म्हणाला.
खुर्ची अजून दाराकडे तोंड करून आहे.
त्याच्या नावाची फाईल नाही, नंबर नाही,
कायद्यानं मी त्याचं काही लागत नाही.

दुसऱ्या शनिवारी वर्ध्याच्या एस.टी.त बसेन
तेव्हा वहीत एवढंच असेल, इंदुताई :
जे कुणी सांगितलंच नाही
ते कुठं ठेवायचं असतं?