शून्याची खूण

रुस्तावीतल्या गॅरेजांच्या रांगेत
सतरा नंबरचं पत्र्याचं दार उघडलं की
आधी तेलाचा वास, मग जुंबेरचा खोकला,
मग लेथ.
पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा वजनावर घेतलेलं,
हिरवा रंग शाबूत, एका पायाला विटेचा टेकू.

आज रेझी आलाय. खोक्यातून पुली काढतो :
निळी, ॲल्युमिनियमची, इतकी हलकी
की तळहाताला पत्ताच लागत नाही.
"बसवून दे. गाडी पळेल."
ही कुठल्या इंजिनाची?
"जपानीच आहे. माझीही जपानीच."
जुंबेर माझ्याकडे बघतो.
सहाच महिने झाले मला इथे, तरी हसू फुटतं.

व्हर्नियर काढतो तो,
सुखुमी सोडताना खिशात राहून गेलेला.
भोक छत्तीसचं. क्रँकचं नाक तीसचं.
पट्ट्याच्या खाचा तीन मिलिमीटर पुढे.
(पुलीत खोट काहीच नाही,
फक्त घर दुसरं आहे.)

पोलादी बुश मी कातला. पहिला बिघडला.
दुसरा रात्रभर बर्फाच्या कप्प्यात,
नानुलीच्या आंबट आलुबुखारांना खेटून.
सकाळी पुली शेगडीवर,
थुंकी तडतडेपर्यंत.
एकच श्वास मिळतो अशा वेळी.
टुक्.
गार झाल्यावर कुणाच्या बापाला निघायचं नाही.
मग हबची पाठ तासली, तीन मिलिमीटर,
चावीची खाच कानशीनं, बोट फिरवत, पुन्हा कानस.

"जुन्या पुलीत रबर होतं," जुंबेर म्हणाला,
"इंजिनाची थरथर ते गिळायचं.
आता ती कोण गिळणार?"
रेझी फोनमध्ये.
जुंबेरनं जुनी पुली वर्तमानपत्रात गुंडाळली
आणि न विचारता डिकीत ठेवली.

राहिली खूण.
निळ्या कडेवर एक पांढरी रेघ होतीच,
पण तो शून्य त्या इंजिनाचा.
आपला शोधावा लागतो.
जुन्या स्पार्क प्लगचा अडसर पहिल्या सिलिंडरमध्ये पिळला.
"उजवीकडे फिरव, हळू. अडलं? खूण कर.
आता उलटं. अडलं? खूण."
दट्ट्या माथ्यावर पोचलाच नाही एकदाही.
दोन अडण्यांच्या बरोबर मधोमध
त्यानं पट्टी न लावता छिन्नी टेकवली,
मी मोजून पाहिलं. मग हातोडी त्यानं माझ्या हातात दिली.

घाव जरा वाकडा पडला.
चालेल, म्हणाला, दिसतोय ना.

गाडी सुरू झाली. थंडीत पट्टा दोनदा किंचाळला, गप्प झाला.
रेझी गेला, वीस लारी कमी देऊन.
जुंबेर दारातच उभा,
आवाज वळणाआड जाईपर्यंत,
आणि त्यानंतरही थोडा वेळ,
जणू थरथर अजून कुठेतरी पोचायची होती.